आपल्या केसांचा माणूस शोधताना

पुण्यात केस कापणारे कमी नाहीत. पेठांमध्ये गल्लीगणिक केशकर्तनालय आहे, मोठ्या सोसायटीत कुणाचं ना कुणाचं घरगुती पार्लर चालतं, आणि औंध-बाणेरपासून कोरेगाव पार्कपर्यंत युनिसेक्स सलून ओळीने उभी आहेत. तरीही दर दोन वर्षांनी दुकान बदलणारे आणि "सांगितले त्यापेक्षा जास्तच कापले" म्हणत बाहेर पडणारे पुष्कळ. अशा वेळी कारागीर दर वेळी वाईट असतोच असं नाही. बिनसतं ते बहुतेकदा खुर्चीत बसल्यावरच्या पहिल्या दोन मिनिटांत. गिऱ्हाईक म्हणतं "थोडेसे कमी करा", आणि कारागिराचं "थोडेसे" वेगळं असतं. आपल्या केसांबद्दल नेमकं बोलता आलं की निम्मा शोध तिथेच संपतो. म्हणून सुरुवात दुकानापासून न करता घरच्या आरशापासून करावी.

आधी आपले केस मोजा

केस दाट की विरळ हे डोळ्यांनी ठरवू नका. कोरडे केस मागे घेऊन एकच शेपटा बांधा आणि रबराजवळ दोरा गुंडाळून घेर मोजा. ५ सेंटिमीटरच्या आत असेल तर केस विरळ, ५ ते १० मध्यम आणि त्यावर दाट. मग गळालेला एक केस शिवणाच्या दोऱ्याशेजारी ठेवा. दोऱ्याइतका जाड दिसला तर पोत राठ, दोऱ्यापुढे जेमतेम दिसला तर बारीक. दाट आणि राठ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बारीक पोताचे पण दाट केस पुष्कळांना असतात आणि त्यांनाच थिनिंगच्या (केस विरळ करणाऱ्या दातेरी) कात्रीचा सगळ्यात जास्त त्रास होतो.

कुरळेपणासाठी कपाळावरची एक बट ओली असताना कुठवर पोचते ते पाहा आणि तीच बट आपोआप सुकल्यावर पुन्हा पाहा. हनुवटीपर्यंत येणारी बट सुकून ओठांपर्यंत उडाली तर ते अंतर पट्टीने मोजून लक्षात ठेवा. ओले केस ताणले जातात. ते ताणून कापले की सुकल्यावर तेवढेच अंतर वर चढतात. "फक्त इंचभर सांगितलं होतं, तीन इंच गेले" ही तक्रार बहुतेकदा इथूनच येते.

भोवरा कुठे आहे तेही शोधा. केस ओले करून सरळ मागे विंचरा आणि तळव्याने टाळूवरून हलकेच पुढे ढकला. केस जिथे आपोआप दुभंगतील तो तुमचा खरा भांग, आणि जिथे गोल फिरतील तो भोवरा. कपाळाच्या कडेलाच भोवरा असेल तर कपाळावरची झुलपं (पार्लरमध्ये आजही त्याला "साधना कट" म्हणतात) मधोमध फाटत राहतात. अशा वेळी सरळ झुलपांचा हट्ट सोडून ती एका बाजूला वळवलेली बरी. टाळूवर दोन भोवरे असतील तर तिथले केस ४-५ सेंटिमीटर ठेवा किंवा थेट १ सेंटिमीटरच्या आत आणा. मधली लांबी हमखास उभी राहते.

यापुढची गोष्ट खास इथली. पुण्यात पुष्कळ लोक दुचाकीवर असतात. डोक्यावर हेल्मेट, त्याखाली तोंडाभोवती घट्ट बांधलेला स्कार्फ, आणि हे दिवसातून दोनदा. टाळूवर फुगा येणारी, ब्लो-ड्रायवर उभी असलेली कोणतीही स्टाइल पहिल्या सिग्नलपर्यंतसुद्धा टिकत नाही. रोज गाडी चालवणाऱ्यांनी ज्याचा आकार खालच्या कडेवर अवलंबून आहे असा कट घ्यावा: कॉलरबोनपर्यंतचा सरळ कट, लांब लेयर, किंवा हेल्मेट काढल्यावर बोटं फिरवून बसेल इतका आखूड बॉयकट. स्कार्फ सुती असेल तर आतून सॅटिनचा पातळ तुकडा घ्या. सुती कापडाच्या घासण्याने कानामागचे आणि मानेवरचे केस तुटतात आणि तिथे झिपऱ्या दिसू लागतात.

पाण्याकडेही बघा. खडकवासला साखळीतल्या धरणांचं नळाचं पाणी केसांना फारसा त्रास देत नाही. वाघोलीसारख्या टँकरवर किंवा बोअरवर अवलंबून असलेल्या भागांत पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असतं. तिथे शाम्पूला फेस येत नाही, केस चरचरीत लागतात आणि चांगला कटसुद्धा फुगलेला दिसतो. सलूनमध्ये धुतल्यावर मऊ असलेले केस घरच्या पहिल्या धुण्यात राठ झाले तर कारागिराला दोष देऊ नका. शेवटचं पाणी दीड-दोन लिटर आरओचं घ्या आणि महिन्यातून एकदा क्लॅरिफायिंग (साचलेले क्षार आणि थर काढणारा) शाम्पू वापरा. शॉवरला लावायच्या छोट्या फिल्टरने पाण्याचा जडपणा जात नाही. त्यावर पैसे घालू नका.

शोधायचं कुठे आणि कुणाला विचारायचं

ऑनलाइन रेटिंग दुकानाला मिळतं, केस मात्र एक माणूस कापतो. म्हणून माणसाचं नाव विचारा. सगळ्यात भरवशाचा मार्ग जुनाच आहे: तुमच्यासारखेच केस असलेली व्यक्ती मेट्रोत, ऑफिसात, लग्नात दिसली की सरळ विचारा, "केस फार छान कापलेत, कुणाकडे कापता?" यात कुणी रागवत नाही. फक्त केसांचा पोत तुमच्यासारखाच असू द्या. सरळ, रेशमी केसांच्या मैत्रिणीचा उत्तम कारागीर तुमच्या कुरळ्या केसांसाठी निरुपयोगी असू शकतो.

जुन्या केशकर्तनालयांतल्या ज्येष्ठ कारागिरांकडे कंगव्यावर कात्री चालवण्याचं जे कसब आहे ते मशीनवर शिकलेल्या हातांत क्वचित दिसतं. पुरुषांचा साधा, कानाभोवती नीट बसणारा कट हवा असेल तर तिथेच जावं. घरगुती पार्लरमध्ये सरळ कट, यू कट आणि स्टेप कट चांगले होतात, वेळ मिळतो आणि बोलणं मोकळं होतं. कुरळ्या केसांसाठी किंवा ब्लीच करून रंगवण्यासाठी मात्र तसं खास शिकलेला माणूस लागतो. फोनवरच विचारा: "कुरळे केस कोरडे असताना कापता का?" उत्तर देताना समोरचा अडखळला तर पुढचा नंबर लावा. बॉयकट हव्या असलेल्या बायकांनीही आधी फोन करावा. काही ठिकाणी फक्त पुरुषांचेच केस कापतात, आणि दारातून परत फिरण्याचा मनस्ताप टळतो.

दर विचारताना तीन प्रश्न एकदमच विचारा: धुणं धरून का, लांबीप्रमाणे बदलतो का, कर वेगळा का.

वेळ निवडण्यातही शहाणपण आहे. जुनी केशकर्तनालयं सोमवारी बंद असतात. रविवारी सकाळी, गणपती-दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आणि श्रावण लागण्यापूर्वी तोबा गर्दी असते. पहिल्यांदा जाताना मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकराच्या सुमारास जा. श्रावण पाळणारी मंडळी महिनाभर कटिंगला येत नाहीत. पाळत नसाल तर नव्या कारागिराची ओळख करून घ्यायला त्यासारखा महिना नाही, कारण तो तुमच्यासाठी पाऊण तास देऊ शकतो.

खुर्चीत बसल्यावर

केस रोजच्यासारखे ठेवून जा. तेल लावून, करकचून वेणी घालून किंवा हेल्मेटमधून थेट खुर्चीत गेलात तर कारागिराला केसांचा खरा कल दिसत नाही. आदल्या दिवशी धुतलेले, आपोआप सुकलेले, मोकळे केस सगळ्यात चांगले. जाड कॉलर, ओढणीचा बोळा, मोठी कानातली नकोत. मानेशी उंचवटा आला की मागची रेघ तिरकी जाते. पायावर पाय टाकून बसू नका. कंबर झुकते, खांदा झुकतो आणि एक बाजू अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांब राहते.

लांबी सांगताना "थोडे", "मीडियम", "टोकं फक्त" हे शब्द विसरा. बोट स्वतःच्या केसांवर ठेवा: "ताई, सुकल्यावर इथे यायला हवेत, कॉलरबोनच्या दोन बोटं खाली." यातला "सुकल्यावर" हा शब्द सोडू नका. पुरुषांनी मशीनचा नंबर लक्षात ठेवावा: १ म्हणजे साधारण ३ मिलिमीटर, २ म्हणजे ६, ३ म्हणजे १०, ४ म्हणजे १३. नंबर माहीत नसेल तर चारपासून सुरू करून खाली यायला सांगा. कल्ले कुठवर ठेवायचे आणि मानेवरची कड चौकोनी की आपोआप विरत जाणारी, हेही आधीच सांगावं. चौकोनी कड दहा दिवसांत विस्कटते, विरत जाणारी महिनाभर नीट दिसते.

फोटो दोन-तीन न्या, पण तुमच्याच पोताच्या केसांचे. आवडलेल्या कटबरोबर अजिबात न आवडलेल्या कटचाही एक फोटो दाखवा. कारागिराला सीमा त्यानेच कळते. चेहऱ्याचा आकार गोल की लांबट यावर पार्लरमध्ये फार चर्चा होते. आमच्या मते पोत, दाटपणा आणि सकाळी केसांना द्यायला असलेली मिनिटं या तीन गोष्टी त्याहून कितीतरी महत्त्वाच्या. "रोज पाच मिनिटं, ड्रायर नाही" हे वाक्य अवश्य बोला.

आता कारागिराकडे बघा. तो केस ओले करण्याआधी हात फिरवून, भांग बदलून पाहतो का? प्रश्न विचारतो का? भाग पाडून क्लिपा लावतो का, की ओंजळीत धरून कापत सुटतो? पुढच्या दोन बटा हनुवटीखाली ओढून समान आहेत का ते तपासतो का? सुकल्यावर पुन्हा कात्री हातात घेऊन कड नीट करतो का? या पाचपैकी चार गोष्टी दिसल्या तर माणूस जाणकार आहे. केसांना हात लावण्याआधीच स्पा किंवा केराटिनचं (केस सरळ-गुळगुळीत करण्याच्या उपचाराचं) पॅकेज सुचवणाऱ्याकडे पुन्हा जाण्याची गरज नाही.

स्वच्छतेबाबत संकोच करू नका. वस्तऱ्यातलं ब्लेड तुमच्यासमोर नवं उघडलं पाहिजे. रक्तातून पसरणाऱ्या हेपॅटायटिस बी या यकृताच्या आजाराचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस जिवंत राहू शकतो. एक गोष्ट सगळेच विसरतात: दाढीनंतर फिरवायचा तुरटीचा खडा. तोच खडा सकाळपासून सगळ्यांच्या कापलेल्या जागांवर फिरलेला असतो. "दादा, तुरटी नको" एवढं म्हणा किंवा स्वतःचा खडा न्या. ओला, वास येणारा टॉवेल आणि केस अडकलेलं मशीन यांतून गजकर्ण पसरतं.

पहिल्या भेटीत मोठं काही करू नका

नव्या माणसाकडे पहिल्यांदा फक्त २-३ सेंटिमीटर ट्रिम करून घ्या. अपवाद एवढाच: कंबरेचे केस खांद्यावर आणायचे असतील तर पहिल्या भेटीत पाठीच्या मध्यापर्यंतच. परीक्षा त्या दिवशी होत नाही. ब्लो-ड्रायने कोणताही कट दोन तास सुंदर दिसतो. खरी परीक्षा घरी धुतल्यावर, मग तिसऱ्या आठवड्यात, मग सहाव्या आठवड्यात. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. सहा आठवड्यांनी जवळपास २ सेंटिमीटर वाढूनही आकार टिकला असेल तर कट चांगला झाला. दोन कटनंतरच मत बनवा. पहिल्या वेळी कारागीर तुमचे केस शिकत असतो.

कोणत्या केसांना काय बिघडतं तेही सांगायला हवं. दाट आणि लहरी केस खांद्यावर एकाच रेषेत कापले की त्रिकोण होतो, म्हणून आत लांब लेयर हवेत. विरळ केसांना उलट लेयर कमीत कमी द्यावेत, नाहीतर टोकं शेपटीसारखी दिसतात. बरोबर खांद्यावर टेकणारी लांबी सगळ्यांचीच बाहेर वळते. ती दोन बोटं वर किंवा दोन बोटं खाली घ्या. कुरळ्या केसांना थिनिंगची कात्री आणि वस्तरा दोन्ही लावू देऊ नका. मधूनमधून आखूड झालेले केस वर येऊन महिनोन्महिने पिंजारलेले राहतात आणि पावसाळ्याच्या दमट हवेत ते सावरता येत नाहीत.

रंग आणि सरळ करणं

इथे चूक झाली तर ती वाढून जायला वर्ष लागतं, म्हणून घाई अजिबात नको. काळ्या रंगात बहुधा पीपीडी हे ॲलर्जी आणू शकणारं रसायन असतं. ४८ तास आधी कानामागे थोडा रंग लावून पाहिल्याशिवाय डोक्याला लावू देऊ नका, दहा वर्षं वापरत असलात तरी. ॲलर्जी कधीही सुरू होऊ शकते. "काळी मेंदी" म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पुड्यांतही हेच रसायन असतं, तेव्हा मेंदी म्हणजे निर्धोक असं समजू नका. डेव्हलपर (रंगात मिसळायचं पेरॉक्साइडचं द्रावण) किती व्हॉल्यूमचा, म्हणजे किती तीव्रतेचा, आहे ते विचारा: १० म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९, ४० म्हणजे १२. नुसते पांढरे केस झाकायला २० पुरतो. ४० टाळूला लागता कामा नये.

मेंदी लावत असाल तर लपवू नका. पाकिटातल्या मेंदीत धातूचे क्षार असले तर ब्लीचशी त्यांची प्रक्रिया होऊन केस गरम होतात आणि तुटतात. मागची एक बट कापून तिच्यावर आधी करून पाहायला सांगा. ती कोमट झाली किंवा बुडबुडे आले तर त्या दिवशी ब्लीच नाही.

रिबाँडिंग आणि रंग एकाच दिवशी करू नयेत, मध्ये निदान दोन आठवडे जाऊ द्या. रिबाँडिंगनंतर तीन दिवस केस धुवायचे, बांधायचे, कानामागे घ्यायचे नाहीत. पुढच्या वेळी फक्त वाढलेल्या मुळांनाच औषध लावायचं. जुन्या भागावर पुन्हा चढलं की केस जोडावरूनच तुटतात. केराटिन करताना डोळे चुरचुरले, वाफ झोंबली तर तो फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू समजा आणि उठा. ग्लायऑक्सिलिक ॲसिडच्या स्ट्रेटनिंगनंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत. बाटलीवरची घटकांची यादी वाचायला मागा. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना यातलं काहीच करू नये.

वय बदलतं तसे केस बदलतात

जावळ काढताना वस्तरा नको. सर्वांत कमी नंबरचं, नुकतंच स्पिरिटने पुसलेलं मशीन पुरतं. बाळ झोप होऊन, पोट भरून मामाच्या मांडीवर बसलेलं असावं. मशीनचा आवाज आधी दोन-तीन मिनिटं लांबून ऐकवा. शाळेत उवा झाल्या तर पार्लरमध्ये जाण्याआधी घरी निस्तरा: भरपूर कंडिशनर लावून बारीक फणीने दर तीन-चार दिवसांनी, दोन आठवडे. मुलींच्या रोजच्या घट्ट दोन वेण्यांनी कानशिलाजवळचे केस कायमचे विरळ होऊ शकतात. सुट्टीच्या दिवशी तरी सैल वेणी असावी.

बाळंतपणानंतर साधारण तिसऱ्या महिन्यापासून मुठीमुठीने केस गळतात आणि बहुधा वर्षाच्या आत सावरतात. या काळात घाबरून बॉयकट करू नका आणि गळती थांबवणाऱ्या स्पाला भुलू नका. खांद्यापर्यंतचा कट सोयीचा पडतो. एरवी रोज ५० ते १०० केस गळणं सामान्य आहे. त्याहून बरेच जास्त आणि सतत गळत असतील तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासून घ्या. नाण्याएवढी गुळगुळीत जागा दिसली तर ती चाई असू शकते. ती आधी दिसते कारागिरालाच. कांदा-लसूण चोळून कातडी भाजून घेण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञाकडे जा.

केमोथेरपी सुरू होणार असेल तर आधीच २-३ सेंटिमीटरपर्यंत मशीनने केस कमी करून घ्या, वस्तऱ्याने नाही. बऱ्याच कारागिरांना घरी बोलावता येतं. आरसा, गर्दी आणि प्रश्न नकोसे वाटतात तेव्हा ते फार बरं पडतं. नंतर येणारे केस सुरुवातीला वेगळ्या पोताचे, कुरळेसुद्धा असतात. त्यांना सहा महिने रंग नको.

पन्नाशीच्या आसपास भांग रुंद दिसू लागतो. तोच भांग वर्षानुवर्षं ठेवला असेल तर आधी तो बदला, मग लांबी कमी करा. रंग सोडून पांढरे केस वाढवायचे असतील तर हिशेब सरळ आहे: ३० सेंटिमीटर वाढायला २ वर्षं. हनुवटीपर्यंत कापून सुरुवात केली तर साधारण दीड वर्षाने काळ्या-पांढऱ्याची सीमारेषा निघून जाते. या काळात मेंदी लावू नका, केशरी पट्टा पडतो. पांढरे केस राठ आणि कोरडे असतात, तेव्हा पूर्वी शोभणारा कट आता फुगू शकतो. कारागीर तोच असला तरी "पूर्वीसारखेच" म्हणण्याआधी दोऱ्याने घेर पुन्हा मोजा.

बिघडलं तर

एक बाजू लांब राहिली असेल तर आठवड्याच्या आत परत जा. चांगला माणूस पैसे न घेता नीट करून देतो. फार आखूड झाले असतील तर "मग लेयर देऊन बघू" याला नकार द्या आणि सहा आठवडे थांबा. रंग गडद झाला तर त्यावर फिकट रंग चढत नाही, रंगाने रंग उजळत नाही. घरी पुन्हा काही लावू नका.

मनासारखा कट झाला की तिसऱ्या आठवड्यात समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून चार फोटो काढा. त्याखाली तारीख, कारागिराचं नाव, लांबी, मशीनचा नंबर किंवा रंगाचा क्रमांक आणि डेव्हलपर लिहून ठेवा. कारागीर दुकानं बदलतात, गावी परततात, निवृत्त होतात. त्यांचा नंबर आधीच घेऊन ठेवा. ते कुठे गेले याचा पत्ता लागलाच नाही, तर नव्या माणसापुढे हे चार फोटो ठेवून बोलायला सुरुवात करा, आणि पहिल्या भेटीत २-३ सेंटिमीटरच.